भाचीचा वरचा दात

माझ्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं कर्जतला झालं. मार्गशीर्षात मुलगी झाली. बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिचं सासर कोपरगावच्या पलीकडं, गोदावरीकाठच्या एका गावात आहे. दाजी तिथल्या साखर कारखान्यात बॉयलरवर असतात. जिल्हा एकच, पण कर्जत त्याच्या या टोकाला आणि कोपरगाव त्या टोकाला. एसटीनं निघालं तर सगळा दिवस जातो. त्यात गाळपाचा हंगाम सुरू होता आणि दाजींना सुट्टी मिळत नव्हती. कारखाना बंद झाला की येऊन दोघींना घेऊन जातो, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. आईला तेवढंच हवं होतं. लेक आणि नात आणखी महिनाभर आपल्याजवळ राहतील, म्हणून ती खूश होती.

माझं कर्जतला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. होळीच्या सुमारास आमच्याकडं विहिरी खाली जातात, बोअर आटतात, मोटारी कोरड्या चालतात आणि जळतात. मग लोक त्या पोत्यात गुंडाळून, मोटारसायकलवर मागं बांधून घेऊन येतात आणि संध्याकाळपर्यंत द्या म्हणतात. ते दोन-तीन महिने मी घरी फक्त जेवायला आणि झोपायला असतो. त्यामुळं भाची तीन महिन्यांची होईपर्यंत मी तिला नीट असं चार-पाच वेळाच पाहिलं असेल. ती रडत असते एवढं मात्र कानावर यायचं. दूध ओढायला लागली की मधेच सोडून देते आणि किंचाळते, असं बायको सांगायची. आई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायची. मी जेवून पुन्हा दुकानात जायचो.

बायकोच्या नजरेत दुसरंच काही आलं होतं. बाळाला न्हाऊ घालायचं काम रोज आईचं. पण गेल्या काही दिवसांपासून बहीण ते आईला करू देत नव्हती. तुझे गुडघे दुखतात, मीच घालते, असं म्हणायची. बाळाला कुणाच्या हातात देत नव्हती. दिलं तरी दुपट्याचं टोक तिच्या तोंडावर ओढून द्यायची. एका दुपारी बहीण कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि बाळ उठलं, तेव्हा बायकोनं त्याला उचललं. बाळानं जांभई दिली. वरच्या हिरडीत दात होता.

आमच्याकडं असं मानतात की बाळाचा पहिला दात खालचा यावा. वरचा आधी आला, तर तो मामाला जड जातो. त्या बाळाचा मामा मी एकटाच. म्हणजे बायकोच्या दृष्टीनं तो दात तिच्या नवऱ्यावर आला होता आणि आईच्या दृष्टीनं तिच्या मुलावर. मी दीड वाजता जेवायला गेलो. बहीण आतल्या खोलीत बाळाला घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली होती. आईनं मला दारातच थांबवलं आणि काय झालं ते सांगितलं. उद्या सकाळपर्यंत पोरीकडं बघायचं नाही, असंही बजावलं.

मूळ नक्षत्रावर मूल जन्मलं की बाप त्याचं तोंड आधी तेलात बघतो आणि मग समोरून. आईनं तोच उपाय मामाला लावला. एरवी मी या गोष्टी मानत नाही आणि आईशी त्यावरून माझे वादही झालेले आहेत. पण त्या दिवशी दुकानात अकरा मोटारी पडून होत्या. दमलेल्या माणसाला वाद घालण्यापेक्षा तेलात बघणं सोपं वाटतं. मी बरं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं काशाच्या वाटीत तेल घेतलं. बहीण बाळाला मांडीवर घेऊन माझ्या मागं बसली. मी वाटीत बघितलं, तर मला वरचा पंखा दिसला आणि बहिणीच्या कपाळाचा थोडासा भाग. दिसलं का, असं आईनं विचारलं. मी दिसलं म्हणून सांगितलं आणि वळलो. बहिणीनं दुपटं बाजूला केलं.

दात होता, पण तो हिरडीतून सरळ आलेला नव्हता. हिरडीवर एक गाठ होती, जांभळाएवढी, रंगही काळसर निळा. तिच्या एका कडेला तो दात आडवा रुतल्यासारखा दिसत होता. गाठीनं वरचा ओठ पुढं ढकलला होता. पोरगी माझ्याकडं बघत होती आणि ओठ मिटायला बघत होती. तो मिटत नव्हता.

मी डॉक्टर नाही, पण ही दाताची गोष्ट नाही, एवढं मला कळलं. मी आईकडं बघितलं. तिनंही आत्ताच पहिल्यांदा नीट पाहिलं असावं, कारण तिच्या हातातली वाटी कलती झाली होती आणि तेल फरशीवर सांडत होतं. शेवटी बायको म्हणाली, "तुमचं काय व्हायचं ते व्हईल. आदी पोरीला दवाखान्यात न्या."

त्याच सकाळी आम्ही कर्जतच्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बॅटरी लावून बराच वेळ पाहिलं, बोटानं हळूच दाबून पाहिलं, आणि नगरच्या एका सर्जनच्या नावे चिठ्ठी दिली. नगरच्या सर्जननी एक्स-रेचा फोटो काढला आणि पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. दोघांनीही घाबरू नका म्हणून सांगितलं. उशीर करू नका हेही दोघांनी सांगितलं. ही दोन्ही वाक्यं एकत्र ऐकली की माणूस काय करणार? नगरहून परत येताना मिरजगावला गाडी थांबली तेव्हा समोरच्या सीटवरच्या बाईनं बाळाचा ओठ पाहून विचारलं, पडली का? बहिणीनं मान हलवली. व्हय, पडली.

पुण्याला जायचं म्हणजे कर्जतहून राशीन, भिगवण आणि तिथून हायवेनं स्वारगेट. त्या पंधरा दिवसांत आम्ही ती वाट इतक्या वेळा केली की कुठल्या वळणावर बाळ उठतं तेही मला पाठ झालं. दूध ती ओढू शकत नव्हती. बहीण घरून दूध काढून आणायची आणि बोंडल्यानं थेंब थेंब तिच्या घशात सोडायची. गाडी हलत असताना ते जमायचं नाही, म्हणून गाडी थांबली की घाईघाईनं पाजायचं. तेवढ्या दिवसांत गाठ जांभळाची सुपारी झाली होती. ओठ नाकाला टेकायला लागला होता. दुकानाचं शटर बंद. लोक मोटारी शटरपाशी ठेवून फोन करायचे आणि मी रांगेतून त्यांना सांगायचो की आज नाही, परवा बघतो.

पुण्याच्या सर्जन बाई पन्नाशीच्या होत्या, कमी बोलायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी बहिणीला विचारलं, हे पहिल्यांदा कधी दिसलं? बहीण म्हणाली, आठ दिवस झाले. बाईंनी लिहून घेतलं. गाठीचा तुकडा तपासायला काढायचा होता, त्यासाठी चार दिवसांनंतरची वेळ दिली. आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. मी गाडीच्या वेळा बघत होतो. तेवढ्यात बहीण माझ्याकडं न बघता म्हणाली, "दादा, आठ दिस न्हाई. तुमाला दिसायच्या आदी बारा दिस मला दिसलं हुतं."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"मला वाटलं खालचा बी येईल दोन-चार दिसांत. मग आदी कोन्ता आला ते कुनाला कळनार न्हाई. वयनीला काय वाटलं आसतं? आन तुला काय झालं आसतं म्हंजी?"

ती रोज सकाळी न्हाऊ घालताना बाळाच्या खालच्या हिरडीवरून बोट फिरवून बघत होती. वरची गाठ वाढत होती आणि ती खालच्या दाताची वाट बघत होती. हे ऐकून मला तिची दया यायला हवी होती. मला राग आला. तिचा, आईचा, आणि जेवून उठून दुकानात जाणाऱ्या माझाही. मी एवढंच म्हणालो, "आत जाऊन खरं सांग."

ती बाळाला माझ्या मांडीवर ठेवून एकटी आत गेली. मला वाटलं बाई तिला बोलतील. दोन मिनिटांत ती बाहेर आली. बाईंनी काही म्हटलं नव्हतं. आधीचा आकडा खोडून नवा लिहिला आणि तिला बरं झालं सांगितलंत म्हणाल्या, एवढंच. त्यानंतर परतीच्या गाडीत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या चार तासांत मी तिच्याशी एक शब्द जरी बोललो असतो तरी बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

तुकड्याचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत गावात बातमी पसरली की तीन महिन्यांच्या पोरीला कॅन्सर झालाय. घरी बायका भेटायला यायच्या, बाळाकडं बघून तोंडाला पदर लावायच्या. आई त्यांना चहा द्यायची आणि त्या गेल्या की देवघरापुढं बसायची. कोपरगावहून दाजींचा दिवसातून चार-चार वेळा फोन यायचा. सांगण्यासारखं काही नसायचं. मागं कारखान्याचा आवाज, मग थोडा वेळ तोच आवाज, मग ते म्हणायचे, बरं ठेवतो.

रिपोर्ट घ्यायला मी आणि बहीण गेलो. बाईंनी गाठीचं नाव सांगितलं. मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर. ते नाव मला नीट म्हणायला पुढं वर्ष लागलं. बाई म्हणाल्या की हा कॅन्सर नाही. गाठ साधी आहे, पण साधी असून झपाट्यानं वाढते आणि हाड पोखरते. तान्ह्या बाळांनाच होते आणि फार क्वचित होते. त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामात त्यांनी अशा दोनच पाहिल्या होत्या. काळा रंग गाठीतल्या पेशींचा आहे, मार लागल्याचा नाही. बाळाच्या आईनं काय खाल्लं, कुणी काय केलं, याचा काही संबंध नाही. गाठीखालचं थोडं हाड आणि त्यातले दातांचे कोंब काढावे लागतील. वरचे पुढचे दात कदाचित येणार नाहीत, दुधाचेही आणि पक्केही.

बहिणीनं विचारलं, "ती बोलंल का?"

"बोलेल," बाई म्हणाल्या. "काही अक्षरं उशिरा येतील. पण बोलेल."

मग बहिणीनं दुसरा प्रश्न विचारला. बारा दिवस आधी आणलं असतं तर? बाईंना खोटं सांगता आलं असतं. त्या म्हणाल्या, ऑपरेशन तेव्हाही करावंच लागलं असतं. हाड कदाचित थोडं कमी काढावं लागलं असतं, कदाचित तेवढंच. बहिणीनं त्यातला 'थोडं' हा शब्द धरून ठेवला. आजही तो तिनं सोडलेला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दाजी आले. हंगामाचे शेवटचे दिवस होते, बदली माणूस ठेवून आले होते. त्यांनी लेकीला बारशानंतर पाहिलंच नव्हतं. वॉर्डात आल्यावर ते कॉटपाशी उभे राहिले आणि तिच्या ओठाकडं न बघता तिच्या पायांकडं बघत राहिले. मग त्यांनी तिचा एक पाय हातात धरला. बऱ्याच वेळानं मला म्हणाले, "पाव्हणं, तुमी लई केलं." मी काही केलं नव्हतं, नुसता गाडीत बसलो होतो. पण मान हलवली.

ऑपरेशन तीन तास चाललं. बाई बाहेर येऊन म्हणाल्या की गाठ पूर्ण निघाली. पुढचे दहा दिवस नाकातल्या नळीनं दूध, मग चमच्यानं. बाळाच्या वरच्या ओठाखाली आता पोकळ जागा होती. त्यामुळं तिचा चेहरा थोडा म्हाताऱ्या माणसासारखा दिसायचा. पण ओठ मिटत होता. मिटलेल्या ओठांनी झोपलेलं तिला मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं. वैशाखात दाजी दोघींना कोपरगावला घेऊन गेले.

बाईंनी सांगितलं होतं की ही गाठ परत येऊ शकते आणि आली तर बहुतेक पहिल्या वर्षातच येते. म्हणून दर दोन महिन्यांनी दाखवायला आणायचं. बहीण कोपरगावहून यायची, मी कर्जतहून जायचो, हॉस्पिटलच्या दाराशी भेटायचो. आषाढात दुकानात टेम्पोवर चढवताना एक मोटार माझ्या हातून निसटली आणि डाव्या पायावर पडली. दोन बोटं मोडली. आईनं पायाचं प्लास्टर पाहिलं आणि हात जोडले. पायावर निभावलं म्हणाली. त्या रात्री ती कित्येक महिन्यांनी शांत झोपली असं बायकोनं सांगितलं. बहिणीला हे कळू द्यायचं नाही, असं मी दोघींना बजावलं. पण श्रावणातल्या तपासणीला मी लंगडत गेलो आणि तिनं लांबूनच पाहिलं. ती जवळ आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं.

"दाताचंच हाय ना हे?"

"मोटारीचं हाय," मी म्हणालो. "साडेसात एचपीची मोटार पायावर पडली की बोट मोडतंच. भाची आसो नसो."

तिला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. पदरानं डोळे पुसत ती हसत होती आणि पोरगी तिच्या कडेवरून माझ्याकडं बघत होती. मार्चपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. अर्ध्या तासानं आम्ही आत गेलो. बाईंनी तोंडात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि कडेला एक बारीक काळा ठिपका आहे म्हणाल्या.

दुसऱ्या ऑपरेशनबद्दल मला फारसं काही आठवत नाही. पहिल्या वेळचा दिवस मला तासातासानं सांगता येईल. दुसऱ्या वेळी मी घाबरलोही नाही. नुसता बसून राहिलो, कागदावर सह्या केल्या, खाली जाऊन औषधं आणली, दाजींनी आणलेली केळी खाल्ली. आईला आम्ही सगळं झाल्यावर सांगितलं. ती रागावली नाही. देवघरापुढंही बसली नाही. किती हाड काढलं, एवढंच तिनं विचारलं. पहिल्यापेक्षा कमी, असं मी सांगितलं आणि ते खरं होतं.

त्यानंतर गाठ आली नाही. पण नाही आली हे कळायलाही प्रत्येक वेळी पुण्याला जावं लागलं. आधी दर दोन महिन्यांनी, मग चारनं, मग सहानं. बहीण रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन पोरीचं तोंड उघडून बघायची. दोन वर्षांची झाल्यावर पोरगी तिच्या बोटाला चावायला लागली, तरी तिनं सोडलं नाही. दाजी एकदा मला म्हणाले, आमच्या घरात दिवा लावायच्या आधी बॅटरी लागते. पोरीचा पहिला शब्द 'बश' होता. तिला बस म्हणायचं होतं. स तिला जमत नव्हता, आणि तिचं निम्मं आयुष्य तोपर्यंत बसमध्येच गेलं होतं.

आता ती सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. पुढचे वरचे चार दात नाहीत. त्यासाठी तिला नकली दातांची एक छोटी प्लेट करून दिली आहे, ती दप्तरात असते, तोंडात कमी असते. यंदा तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे पुढचे दात पडलेत, त्यामुळं फोटोत ती कुठं आहे हे शोधावं लागतं. पुढच्या वर्षी त्यांचे नवे येतील तेव्हा तिच्या लक्षात येईल. बहिणीला त्याची चिंता आत्तापासून आहे. वाढ पूर्ण झाली की सोळा-सतराव्या वर्षी दुसरीकडचं हाड घेऊन तिथं बसवता येईल आणि मग पक्के दात लावता येतील, असं बाईंनी सांगितलंय. म्हणजे अजून दहा वर्षं.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो होतो. बाई आता निवृत्तीला आल्यात. त्यांनी तोंड पाहिलं, फोटो पाहिला, आणि आता वर्षातून एकदा या म्हणाल्या. पोरीनं त्यांना प्लेट काढून दाखवली, त्यांनी ती बघून परत दिली. सगळं दहा मिनिटांत झालं. त्या दहा मिनिटांसाठी मी पहाटेचा निघालो होतो आणि बहीण आदल्या दिवसापासून.

स्टँडवर दोघांच्या गाड्यांना वेळ होता. आम्ही चहा घेतला. पोरगी बाकावर आडवी होऊन झोपली. बहिणीच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत हे मला तेव्हा दिसलं. ती अजून तिशीतली आहे.

ती म्हणाली, "दादा, पुढल्या येळंला तू नको येऊ. मी नेईन एकटी. मला समदं म्हाईत हाय आता."

मी बरं म्हणालो. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं सांगतो. दुकान, गाडी, रांग, सगळ्यातून. आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. तिला ते दिसलं असणार, पण तिनं दाखवलं नाही. तिची गाडी आधी लागली. मी झोपलेल्या पोरीला उचलून वर नेलं, खिडकीच्या सीटवर ठेवलं, दप्तर तिच्या डोक्याखाली सरकवलं आणि कंडक्टरनं बेल दिल्यावर खाली उतरलो.